हातमाग, हातभट्टी आणि डीप फ्रीझर

गेल्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी महाडला आला होता. आता तो अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. चौथीत असताना तेराचा पाढा म्हणताना हटकून अडखळणारा हा मुलगा मोडकी सायकल हाती आली की मात्र तासाभरात ती चालती करून दाखवी. आमच्या ओटीवर चहा घेता घेता त्याने खिशातून मोबाइल काढला आणि मला एक छायाचित्र दाखवले. त्याच्या घरच्या गॅरेजमध्ये एक डीप फ्रीझर होता. आपल्याकडे आइस्क्रीमवाल्याकडे किंवा मासळीवाल्याकडे असतो तसाच, वरून झाकण उघडणारा, पांढराशुभ्र. फरक एवढाच, की झाकणाखाली लाकडाची एक चौकट बसवलेली होती आणि त्या चौकटीला चार चकचकीत तोट्या होत्या.

"गुरुजी, तोटी ओढली की थंडगार बिअर! पेटीही मीच केली आणि बिअरही मीच केली," तो म्हणाला.

मी स्वतः दारूच्या थेंबालाही कधी शिवलेलो नाही. पण मुलाच्या हाताचे कौशल्य पाहून मास्तराला व्हायचा तो आनंद मला झाला. मी विचारले आणि त्याने कोऱ्या हजेरीपत्रकाच्या पाठीवर सारी रचना काढून दाखवली. डीप फ्रीझर शून्याखाली अठरा अंशांपर्यंत जातो. तेवढ्या थंडीत बिअरचा दगड होईल. म्हणून विजेच्या वाटेवर बाहेरून एक निराळा थर्मोस्टॅट बसवायचा. त्याची तार आतल्या पिंपाला चिकटवायची. तीन-चार अंशांवर पारा आला की वीज आपोआप तुटते. तोट्यांसाठी पेटीच्या भिंतीला भोक पाडायचे नाही, कारण थंडावा वाहणाऱ्या नळ्या त्या भिंतींतूनच फिरत असतात; एक नळी फुटली की पेटी कायमची गेली. म्हणून पेटी आणि झाकण यांच्यामध्ये वीतभर उंचीची लाकडी चौकट घालायची आणि भोके पाडायची ती त्या चौकटीला. आत पिंपे उभी करायची, प्रत्येकी एकोणीस लिटरची. ही पिंपे मुळात शीतपेयांच्या कंपन्यांनी वापरून टाकलेली. जुन्या बाजारात मिळतात. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यातून दहाबारा पौंडांचा दाब द्यायचा आणि पिंपापासून तोटीपर्यंतची नळी बारीक नि चांगली लांब ठेवायची. नळी आखूड राहिली तर पेल्यात बिअर येत नाही, नुसता फेस येतो.

हे सारे ऐकताना शेजारचा दुकानदारही येऊन बसला होता. त्याच्याकडे असाच एक डीप फ्रीझर मरून पडलेला. 22 जुलै 2021 रोजी सावित्रीचे पाणी महाडात शिरले, त्या पुरात तो बुडाला आणि तेव्हापासून त्यात रद्दी भरलेली असे. माझ्या विद्यार्थ्याने जाऊन झाकण उघडले, भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पेटी शाबूत आहे. कॉम्प्रेसर बदलला की झाले. गुरुजी, इथेच एक करू या की! बिअरसुद्धा मी इथेच मुरवून दाखवतो."

मी म्हटले, "बाबा रे, पेटी खुशाल कर. पण या घरात बिअर केलीस तर तू कोठडीत जाशील आणि मला साक्षीला यावे लागेल."

तो हसला, दुकानदारही हसला. मला मात्र हसू आले नाही. माझ्या डोळ्यांपुढे दुसरीच एक गोष्ट उभी राहिली.

मी पोलादपूरच्या बाजूला शिकवीत होतो तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या एका कातकरी वाडीवरची मुलगी माझ्या वर्गात होती. अक्षर मोत्यासारखे. एका सकाळी ती आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, आठवडाभर आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की वाडीवर छापा पडला होता. तिची आई मोहाची फुले कुजवून मडक्यावर मडके ठेवून दारू काढी. सणावाराला वाडीत लागे ती, आणि दोनचार बाटल्या विकीही. हे मी लपवीत नाही. मडकी फोडली गेली, आईला नेले, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला ही दहा वर्षांची पोर घरी बसली. ती पुन्हा शाळेत आली नाही.

आता वाचकहो, या दोन चित्रांकडे नीट पाहा. एकीकडे माझा विद्यार्थी: जुनी पिंपे, जुनी पेटी, स्वतःची अक्कल आणि स्वतःचे हात. दुसरीकडे ती बाई: रानातली फुले, दोन मडकी, स्वतःची अक्कल आणि स्वतःचे हात. पहिल्याच्या करणीला आपण 'हौस' म्हणतो आणि कौतुकाने चहा पाजतो. दुसरीच्या करणीला 'हातभट्टी' म्हणतो आणि मडकी फोडतो. या शब्दाचाही विचार करा. हातमाग म्हटले की आपली मान आदराने लवते, हातसडीचा तांदूळ म्हटले की तोंडाला पाणी सुटते, हातकागद म्हटला की गांधीजी आठवतात. मग 'हातभट्टी' या एकाच शब्दात 'हात' एवढा ओंगळ कसा झाला?

अमेरिकेतही हे स्वातंत्र्य आकाशातून पडले नाही. तिथली दारूबंदी 1920 ते 1933 अशी तेरा वर्षे चालली. ती उठल्यावर घरी द्राक्षमद्य करण्याची मोकळीक मिळाली, पण बिअरची राहून गेली. 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि 1979 पासून केंद्राच्या कायद्याने घरच्या बिअरचा गुन्हा पुसला गेला. त्यालाही मर्यादा आहे: दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरांच्या आसपास, आणि विकायची नाही. काही राज्ये तरीही अडून बसली होती. शेवटची दोन, अलाबामा आणि मिसिसिपी, 2013 साली वळली. कायदा माणसांनी केला आणि माणसांनीच तो शहाणा केला.

आपला कायदा 1949 सालचा. मुंबई इलाख्यात तो दारूबंदीसाठी झाला आणि आज महाराष्ट्रात दुकाने, बार, परमिट रूम राजरोस चालू असतानाही त्याचे नाव दारूबंदीचेच आहे! या कायद्याप्रमाणे विलायती दारू पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो परवाना मिळतो प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे संध्याकाळी बारमध्ये मिटक्या मारणारा प्रत्येक सद्गृहस्थ कागदोपत्री रुग्ण आहे. मी मुलांना 'खोटे बोलू नये' असे शिकवतो; सरकारनेच छापलेल्या या खोट्याचे काय करू?

हा कायदा पहिल्यापासून दोन डोळ्यांनी पाहत आला. बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिले, तेव्हा त्यांच्या मागणीत व्हिस्की-बिअरबरोबर ओ द कोलोनसुद्धा होते. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. औषधी आणि प्रसाधनाच्या पदार्थांवरची बंदी मोडली. पण लष्कराच्या मेसला आणि परदेशी पाहुण्याला दिलेली सवलत मात्र योग्य ठरली. पुढे सवलतींची रांग वाढतच गेली. 2001 साली राज्याने द्राक्षमद्याच्या धंद्याला उत्तेजन देण्याचे धोरण आखले. 2009 साली पुण्यात 'डूलाली' ही छोटी मद्यशाळा निघाली. तिथे तोटीखाली पेला धरणारा मनुष्य रसिक ठरला. तेरेखोल ओलांडून गोव्यात जा: काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 साली गोवा सरकारने तिला आपला वारसा म्हटले. फेणीही मडक्या-भांड्यांतूनच आली. नदीच्या त्या तीरावर वारसा आणि या तीरावर छापा!

यावर माझे स्नेही मला विचारतात, "मास्तर, पोरांना दारू पाजायची आहे काय?" उत्तर देतो. माझे वडील दारूने गेले. पण त्यांना हातभट्टीने मारले नाही. दुकानातून रोख पैसे देऊन आणलेल्या, लेबल लावलेल्या, कर भरलेल्या बाटलीने मारले. त्या बाटलीवर कधी छापा पडला नाही. दारूचा संसारावर पडणारा घाला मला कोणी पुस्तकातून सांगायला नको.

दुसरा आक्षेप विषाचा. जून 2015 मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. खरे आहे, भयंकर आहे. पण ते विष मोहाच्या फुलांतून आले नव्हते. ते मिथेनॉल होते, कारखान्यात लागणारे रसायन. चोरून करावे लागते तिथे तपासणी नसते, आणि तपासणी नसते तिथे गरिबाच्या पेल्यात काय ओतले जाईल याचा भरवसा नसतो. शिवाय नुसती आंबवलेली बिअर वा माडी निराळी आणि भट्टीवर उतरवलेली दारू निराळी. कायद्याने हा भेद ओळखावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनाचा. राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम दारूबंदीचा आदर्श सांगते. ज्याला तो आदर्श मानायचा आहे त्याने सगळीच दुकाने बंद करावीत. मी पहिला टाळ्या वाजवीन. 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान करून ज्या बायांनी आपल्या गावचे दुकान बंद पाडले, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. त्यांची लढाई दुकानाशी होती आणि ती खरी होती. पण दुकान चालू ठेवायचे, कर मोजून घ्यायचा आणि मडके तेवढे फोडायचे, याला दारूबंदी म्हणत नाहीत. याला मक्तेदारीची राखण म्हणतात.

मी महाडचा आहे. याच गावात 20 मार्च 1927 रोजी डॉक्टर आंबेडकरांना चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाण्याची आणि दारूची बरोबरी मी करीत नाही. पाणी हा जीव आहे. पण एकच कृती एकाने केली तर रीत आणि दुसऱ्याने केली तर अपराध, हा न्याय कसा असतो, ते या गावाला तरी कोणी समजावून सांगू नये.

माझे मागणे मोठे नाही. घरात, घरापुरती, मोजक्या मापाने आंबवलेली आणि न विकलेली पेये गुन्ह्याच्या यादीतून काढा. मोहाची दारू काढणाऱ्या बायांना फेणीवाल्यांसारखा परवाना द्या, त्यांच्या मालाची तपासणी करा, विष घालणाऱ्याला जबर शिक्षा करा. आणि त्या परवान्यावरचा 'प्रकृती'चा खोटा शब्द खोडा.

विद्यार्थी परत गेला, पण जाण्यापूर्वी त्याने हट्टाने ती पुरातली पेटी जिवंत केली. इथल्याच मिस्त्रीने कॉम्प्रेसर बदलला, सुताराने चौकट केली, सोडावाल्याने नळकांडे दिले. आता शेजारच्या दुकानात त्या तोटीतून कोकमाचा सोडा येतो आणि शाळा सुटली की मुले तिथे गर्दी करतात. परवा पेला हातात घेऊन मी तिथे उभा होतो. मुलांची तोंडे पाहता पाहता मी त्यांत मोत्यासारख्या अक्षराची ती मुलगी शोधू लागलो. ती तिथे असणे शक्य नव्हते. आता ती मोठी झाली असेल, आणि आईसारखीच कुठेतरी मडकी लपवीत असेल.