लॉजच्या रजिस्टरमधले नाव

आपला माणूस शहरात मुक्काम करतो तो हौसेने नव्हे. कोणाच्या मुलाची परीक्षा असते, कोणाला दवाखाना गाठायचा असतो, तर कोणाची कोर्टात तारीख असते. उंद्रीसारख्या गावातून निघायचे तर आधी चिखली नाहीतर खामगावची एस.टी. धरायची. मुंबई-नागपूरला जायचे असेल तर पुढे शेगाव किंवा मलकापूरला रेल्वेत बसायचे. पोहोचेपर्यंत अंधार पडतो. हातात पिशव्या, बरोबर लेकरे, एखादी म्हातारी आई. अशा वेळी स्टँडसमोरचा किंवा स्टेशनजवळचा स्वस्तातला लॉज हाच आधार. तिथे काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "नाव काय?"

हा प्रश्न साधा आहे. पण आपल्या समाजासाठी तो कधीच साधा नव्हता.

1917 साली बाबासाहेब अमेरिका आणि लंडनचे शिक्षण घेऊन परतले व बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. शहरात हिंदूंच्या खाणावळी होत्या, त्यांना विशी म्हणत. तिथे त्यांना थारा मिळणे शक्य नव्हते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत जागा मिळाली, दीड रुपया रोजाने. पण ती फक्त पारशांसाठी होती, म्हणून रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत निघाले असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास त्यांनी बजावले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपल्या घरी ठेवून घेण्याचे टाळले. गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात लिहून ठेवला आहे. एवढ्या विद्वान माणसाला एका खोलीसाठी आपले नाव लपवावे लागले, हे प्रत्येक घरातल्या मुलांना सांगितले पाहिजे.

पुढचा लढाही मुक्कामाच्या जागेला सोडून नव्हता. 1923 साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात मांडलेल्या ठरावात पाणवठे, विहिरी आणि शाळा यांच्याबरोबर धर्मशाळांचाही उल्लेख होता. पंढरपूरला आपल्या लोकांना कोणी थारा देत नव्हते, तेव्हा संत गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि नंतर ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. 26 जानेवारी 1950 पासून तर संविधानाच्या कलम 15 ने स्पष्टच सांगितले की, दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. म्हणजे लॉजची खोली ही मालकाची मेहेरबानी नाही. पैसे मोजणाऱ्या नागरिकाचा तो हक्क आहे.

तरीही अनुभव वेगळे येतात. एका शहरात मी आणि गावातले एक जोडपे स्टँडजवळच्या लॉजवर गेलो. भिंतीवर पाटी होती, 'रूम मिळतील'. मॅनेजरने ओळखपत्रावरचे आडनाव वाचले, गाव विचारले, मग "कोणत्या समाजाचे?" असे विचारले आणि रजिस्टर मिटून म्हणाला, "फुल्ल आहे." आमच्या मागून आलेल्या गृहस्थांना आमच्यादेखत चावी मिळाली. जोडप्यातली बाई हळूच म्हणाली, "भाऊ, दुसरं आडनाव सांगितलं असतं तर?" मी म्हटले, "ताई, ओळखपत्र तर खरेच दाखवावे लागेल. आणि आपण का लपवायचे?"

अशा वेळी काय करावे? आधी शांतपणे कारण विचारावे. प्रत्येक 'फुल्ल' मागे जातच असते असे नाही. सणाच्या, यात्रेच्या दिवसांत, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास नागपुरात खरोखरच जागा नसते. म्हणून पुराव्याशिवाय आरोप करू नये. बरोबरच्या माणसाला फोन करून खोली मागायला सांगावे. त्याला लगेच मिळाली तर लॉजचे नाव, वेळ, बोललेले शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 च्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. त्याला 1 ते 6 महिने कैद आणि दंडही आहे. पोलिसांसाठी 112, अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावेत.

आता पैशाच्या गोष्टी. स्वस्त लॉजवाला बहुधा जात पाहून नव्हे, खेड्यातला माणूस पाहून फसवतो.

पैसे देण्याआधी खोली पाहा. नळाला पाणी, दाराची आतली कडी, चादर, पंखा, खिडकीची जाळी हे सर्व तपासा. भाडे 24 तासांचे की दुपारी 12 पर्यंतचे, ते आधीच विचारा. पहाटे पोहोचणाऱ्यांचे यातच दोन दिवसांचे भाडे जाते. जादा माणसाचे, गरम पाण्याचे पैसे वेगळे लागतात का, तेही ठरवून घ्या. डिपॉझिटची पावती घ्या. जीएसटी लावला असेल तर बिलावर त्याचा क्रमांक हवा. आधारचे मूळ कार्ड काउंटरवर ठेवून येऊ नका. झेरॉक्स द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार किंवा मतदार कार्ड द्या. बिलाची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर करता येते.

लॉजशिवायही सोयी आहेत. मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या विश्रामकक्षात कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असणाऱ्याला खोली किंवा डॉर्मिटरीतली खाट मिळू शकते. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांना व नातेवाईकांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते. निघण्याआधी चौकशी करून ठेवलेली बरी.

आणि बहिणींनो, तुम्ही एकट्या किंवा मुलीला परीक्षेला घेऊन निघालात तर मुक्काम दिवसाउजेडी ठरवा आणि लॉजचे नाव व खोलीचा क्रमांक घरी फोनवर कळवा.

बाबासाहेबांना 1917 साली ज्या रजिस्टरमध्ये परके नाव लिहावे लागले, तसल्याच रजिस्टरमध्ये आज आपण आपले पूर्ण नाव, आडनाव आणि गाव ठळक अक्षरांत लिहायचे आहे. पेन आपल्या हातात आहे. मुलांना ते लिहायला शिकवा.

जयभीम!