भातावरची मनोली : वैरी की शेजारी?

भाद्रपद सरत आला आणि हळवे भात दुधात आले, की खाचरांत पाखरे राखण्याची धांदल सुरू होते. मुले डबे बडवितात, कोणी गोफण फिरवितो, कोणी बुजगावणे उभारतो. हे सारे रास्तच आहे. परंतु दाण्यांना विष चोळून ते बांधावर टाकावे, म्हणजे कटकट कायमची मिटेल, अशी भाषाही अधूनमधून कानी येते. ती आम्हांस मान्य नाही. का ते सांगण्यापूर्वी ज्या पाखरावर हा राग आहे त्याची थोडी ओळख करून घेऊ.

सह्याद्रीच्या रानाकडेच्या शेतांत हमखास दिसणारी ही पांढऱ्या पाठीची मनोली. चिमणीहून लहान, लांबी सुमारे 11 सेंटिमीटर, वजन जेमतेम 12 ग्रॅम. अंग गडद तपकिरी, पोट पांढरट, शेपटी टोकदार, आणि उडताना शेपटीच्या वर पांढरा पट्टा चमकतो. चोच जाड व निमुळती. तिच्यात दाणा फिरवून ती टरफल अचूक वेगळे करते. पाच-दहांच्या थव्याने ही पाखरे रानाच्या कडेला, झुडपांत व वेळूच्या बेटांत वावरतात.

वर्षातले बहुतेक महिने तिचे पोट गवताच्या बियांवर भरते. काटेरी वेळू चाळीस-पन्नास वर्षांनी एकदाच फुलतो आणि बी धरून मरतो. त्या वर्षी त्या बियांवरही मनोल्या जमतात. आपल्या भाताचा हंगाम हा तिच्या वर्षातला एक छोटा काळ. मलेशियातील भातखाचरांतल्या मनोल्यांचा अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विणीच्या सुमारास ही पाखरे भाताबरोबर पाण्यातले हिरवे तंतुमय शेवाळही खातात असे आढळले. पिल्ले वाढवायची तर नुसता दाणा पुरत नाही, एवढे त्या इवल्या जिवालाही कळते.

घरटे म्हणजे गवताचा गोल गोळा, दार एका बाजूस. त्यात साधारण पाच-सहा पांढरी अंडी असतात. नर व मादी दोघेही आळीपाळीने ती सुमारे दोन आठवडे उबवितात. वीण संपल्यावर त्याच घरट्यात सारे कुटुंब रात्री दाटीवाटीने झोपते.

मनोली अळ्या-किडे खाऊन आपले पीक राखते असे आम्ही म्हणणार नाही. तिचे मुख्य अन्न बीच आहे. ती तणाचे बी खाते, तसे भातही खाते. पण नुकसान सगळीकडे सारखे होत नाही. रानाला लागून असलेले आणि शेजाऱ्यांच्या आधी निसवलेले एकटे खाचर बहुधा मार खाते. म्हणून शिवारातल्या सर्वांनी मिळून एकाच मुदतीचे भात एकाच सुमारास लावावे. थवा विभागतो, कोणा एकावर बोजा पडत नाही. दाणा दुधात असतानाचे ते दोन-तीन आठवडे पहाटे व सायंकाळी राखण नेटाने करावी. दाणा भरून कडक झाला, की धोका बराच उतरतो.

विष मात्र निवड करीत नाही. बांधावरचा दाणा आपली कोंबडी खाते, मेलेले पाखरू मांजर खाते, आणि तोच हात न धुता भाकरीला लागतो. खाचराच्या पाण्यात उतरणारी बाईमाणसे व पोरे आपल्याच घरची असतात.

दुसरी गोष्ट पिंजऱ्याची. बाजारात मनोल्या, कधी कधी रंग लावूनही, विकल्या जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातली मनोली पकडणे व विकणे गुन्हा आहे. काही जण म्हणतात, परदेशात तर ती पाळतात. खरे आहे, पण ती निराळी. चीनमधील याच जातीची पाखरे 18 व्या शतकात जपानात नेली गेली आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढून आजची पाळीव जात तयार झाली. जपानचे संशोधक काझुओ ओकानोया यांनी दाखविले, की या पाळीव नरांचे गाणे रानातल्या नरांच्या गाण्याहून अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. अडीचशे वर्षांत जे घडले ते जाळ्यात धरलेल्या पाखराकडून आठ दिवसांत कसे घडावे? ते घाबरून धडपडते आणि बहुधा मरते.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, भात राखा, जरूर राखा. पण बांधावरचे एखादे झुडूप व वेळूचे एखादे बेट राहू द्या, आणि विषाची पुडी घरात आणू नका. मूठभर दाण्यांचा हिशेब मांडताना आपल्या घरच्या जिवांचाही हिशेब मांडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.