घरची गाडी : लळिंग घाटात अडखळणारी ओमनी

धुळ्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी 1998 ची मारुती ओमनी आहे. आठवडे बाजारात कपड्यांचे गठ्ठे तीच नेते आणि दर महिन्याला सासूबाईंना तपासणीसाठी नाशिकलाही तीच नेते. हल्ली गावात गाडी ठीक चालते, पण लळिंग घाट चढू लागली की पिकअप सोडते, झटके देते आणि बंद पडते. वीस मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते. शेजारी म्हणतात, "पेट्रोलचा नाद सोडा, गॅसवर टाका." भगिनी विचारतात, काय करावे?

ताई, तुमच्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. सपाटीवर चालणारी गाडी चढावर मरते, याचा अर्थ बहुधा पेट्रोल कमी पोहोचते आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठवणारी एक लहानशी वाटी असते. सपाट रस्त्यावर इंजिन त्यातून थोडेच पेट्रोल घेते. फिल्टर अर्धा तुंबला असला तरी ती वाटी भरत राहते. घाटात सहा माणसे बसलेली, दुसरा गिअर, तेव्हा इंजिन जास्त पेट्रोल मागते. येणे कमी आणि खर्च जास्त झाला की वाटी रिकामी होते.

आता तपासणीचा क्रम सांगतो. स्वस्तापासून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिले, टाकीचे झाकण. गाडी बंद पडली की ते हळूच उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणातून हवा जाण्याची वाट बंद आहे.

दुसरे, पेट्रोल फिल्टर. शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल, तर बदलाच. त्याबरोबर मिस्त्रीकडून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि काही वेळ स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा गंज दिसला तर टाकी साफ करावी लागेल. नाहीतर नवा फिल्टरही लवकरच तुंबेल. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी धरून ठेवते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नळी चिरली, फुगली किंवा चिकट झाली असेल तर बदलून घ्या.

तिसरे, पेट्रोल पंप आणि कार्बोरेटरचे जेट. ही कामे मिस्त्रीचीच.

चौथे, उष्णता. ओमनीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. खानदेशातल्या मे महिन्यात तिथे एवढी धग होते की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि प्रवाह तुटतो. त्रास फक्त दुपारी होत असेल आणि सकाळी लवकर निघाल्यावर होत नसेल, तर संशय इथे घ्या. पण तापलेली इग्निशन कॉइलही अशीच दगा देते. फरक असा की पेट्रोल संपत आले की गाडी हळूहळू दम सोडते, आणि ठिणगी गेली की बहुधा झटक्यात गप्प होते. मिस्त्रीला हे नेमके सांगा. त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील.

इंजिन गार असल्याशिवाय आणि मुलांना गाडीतून उतरवल्याशिवाय यातले काही करू नका. जवळ विडी-काडी नको. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका.

आता गॅसबद्दल. आरटीओत नोंदवलेले, मान्यताप्राप्त किट आणि पंपावर भरलेला गॅस, हा भाग वेगळा. शेजारी सुचवतात तो मार्ग बहुधा घरगुती सिलिंडरमधून चोरून भरण्याचा असतो. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगाव शहरात व्हॅनमध्ये असा बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला. माणसे होरपळली, काहींचे प्राण गेले. तीही तुमच्या-माझ्यासारखीच प्रवासाला निघालेली माणसे होती. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही कुरआनची शिकवण आपण मुलांना सांगतो. ती गाडीच्या टाकीलाही लागू आहे. शिवाय दोष पेट्रोलच्या वाटेत असेल तर गॅसने तो जात नाही, फक्त झाकला जातो. पेट्रोल पडून राहिले की कार्बोरेटर आणखी चिकटतो.

तेव्हा ताई, पुढच्या तपासणीच्या तारखेआधी एक सकाळ काढा. झाकण, फिल्टर आणि बाटलीतले पेट्रोल, एवढे पाहून घ्या. मग सासूबाईंना घरी ठेवून, गाडीत गठ्ठे भरून लळिंग घाट एकदा चढून या. गाडी न अडखळता वर गेली, तरच त्यांना नाशिकला न्या. इन्शाअल्लाह, गॅसची गरज पडणार नाही. काय सापडले ते जरूर कळवा.