पाणी रात्री वाढतं!

मे महिन्यात आम्ही हिमाचलला गेलो होतो. हॉटेलच्या खोल्यांना मुले कंटाळली, म्हणून दोन रात्री कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीकाठी तंबूत राहायचे ठरवले.

नदी काय सांगू! तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतके स्वच्छ पाणी. मुलांनी लगेच हट्ट धरला, "आपला तंबू इथेच, वाळूवर!" ह्यांनाही जागा पसंत पडली. पण तंबूंची देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ ऐकेनात. वरच्या सफरचंदाच्या बागेतच तंबू ठोकायचा, म्हणाले. का, तर पाणी रात्री वाढतं! आभाळात ढग नाही, पाऊस नाही, मग पाणी वाढेल कसं? पैसे घेऊन नदी लांबूनच दाखवताहेत, असे मला वाटले आणि तसे मी बोलूनही गेले.

ते चिडले नाहीत. त्यांनी मुलांना तीन दगड ठेवायला सांगितले. एक पाण्याच्या कडेला, दुसरा हातभर वर, तिसरा आणखी हातभर वर. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. जेवणे उरकून बॅटरी घेऊन गेलो, तर पहिला दगड पाण्याखाली! पहाटे दुसराही दिसेना, आणि मुलांच्या त्या लाडक्या वाळूला ओल आलेली. सकाळी चहा घेताना मी त्यांची माफी मागितली.

हिमालयातल्या नद्यांना बर्फ वितळून उन्हाळ्यातही पाणी असते, हे मी शाळेत कितीदा फळ्यावर लिहिले असेल! पण दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून ते संध्याकाळी-रात्री वाढते, हे कधी डोक्यातच आले नव्हते.

वर धरण असले, तर उन्हा-पावसाचीही गरज नाही. हीच तीर्थन पुढे लारजीजवळ बियासला मिळते. तिथल्या धरणातून ८ जून २०१४ रोजी पाणी सोडले गेले आणि खाली थलौटजवळ पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी व त्यांच्या सोबतचा एक जण वाहून गेले. आपल्या कोलाडच्या कुंडलिकेचे पाणीसुद्धा वरच्या वीजप्रकल्पातून सोडले की चढते, बरं का!

म्हणून नदीकाठी मुक्काम करायचा असेल, तर एवढे जरूर करा. वर धरण आहे का, पाणी केव्हा सोडतात, हे गावकऱ्यांना आधी विचारा. तंबू उंचावरच लावा. मुलांना पाण्यात पाय बुडवू द्या, पण सकाळी, काठावर आणि आपला हात धरून. पाण्याच्या मधल्या खडकावर फोटोसाठी मुळीच जाऊ देऊ नका. आणि दगड ठेवायला विसरू नका. आमच्या मुलांना सहलीतला तोच खेळ सर्वांत जास्त आवडला!