विश्वामित्रीचा काठ आणि पडलेला पाचोळा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची २६ फुटांची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्याही वर चढले आणि बडोद्याच्या अनेक वस्त्यांतून शिरले. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले. त्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. काठच्या झाडांखाली पडणाऱ्या पाचोळ्याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. मी पेशाने संगीतशिक्षक. मातीचे शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्यास एवढे कळते की, तंबोरा ऐकावयास कोणी येत नाही, पण तो थांबला की गाणे उघडे पडते. नदीकाठी पाचोळ्याचे काम नेमके तेच आहे.

आपल्याकडे बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन तापते. माघ-फाल्गुनात निंब-करंजांची पाने झडतात ती नेमकी उन्हाच्या तोंडावर. त्यांचा थर असला म्हणजे ओल टिकते. वळवाच्या टपोऱ्या थेंबांचा मार मातीवर न बसता पानांवर बसतो. माती उघडी असली, तर तिचे बारीक कण सुटतात, भोके बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी आत न मुरता माती घेऊन नदीत धावते. हाच गाळ पुढे आपण पैसे खर्चून उपसतो! थराखाली वाळवी, गांडुळे व बुरशी पानांचे खत करतात आणि ते खत मातीचे कण बांधून ठेवते. पाने जाळली की त्यांतला नत्र धुराबरोबर जातो आणि राख वाऱ्यावर. बागेतला कचरा उघड्यावर जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली ती उगीच नव्हे.

मग पाने जेथे पडतील तेथे कितीही साचू द्यावीत काय? तसेही नाही. ऑस्ट्रेलियातील मरे नदीकाठी लाल निलगिरीची पूरवने आहेत. दीर्घ अवर्षणात तेथे वर्षानुवर्षांचा पाचोळा साठला. २०१०-११ च्या उन्हाळी पुरात तो भिजला, पाणी चहासारखे काळे झाले, जंतूंनी त्यातला प्राणवायू संपविला आणि मासे मेले. लहान पूर वारंवार आले असते, तर पाने थोडी थोडी वाहून गेली असती. म्हणून तेथील जलव्यवस्थापक आता वनांना पाणी सोडताना शक्यतो थंडीचे दिवस पाहतात.

यावरून आपल्यापुरता विवेक करता येतो. उतारांवर व झाडांखाली चार बोटे थर राहू द्यावा. बुंध्याशी मात्र ढीग नको. जेथे पाणी तुंबते अशा खोलगट जागी आणि गटारांच्या तोंडाशी साचलेली पाने ज्येष्ठापूर्वी उचलावीत व खड्ड्यात कुजवून खत परत काठालाच द्यावे. रस्त्यालगत वणवा पसरू नये एवढी पट्टी मोकळी असावी. खोदाईने उघड्या पडलेल्या उतारांवर नुसती पाने टिकणार नाहीत, पहिल्याच पुरात जातील. तेथे आधी गवत व झुडपे धरली पाहिजेत. मगरी काठातच अंडी घालतात, तेव्हा ही कामे वनखात्याच्या सल्ल्याने व्हावीत.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ साली नदीकाठी बाग झाली, १८९२ साली आजव्याचे सरोवर झाले. त्या बागेच्या सावलीत आपल्या पिढ्या वाढल्या. पालिकेने काय करावे हे सांगताना आपल्या दारचेही पाहावे. सकाळी अंगण झाडून फाटकाशी पानांचा ढीग पेटविण्याची रीत जुन्या वाड्यांत अजून दिसते. अंगणाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणला तर ती सुटेल, आणि मग नदीविषयी पालिकेशी बोलण्याचा आपला अधिकारही वाढेल.