पावतीवरची एक ओळ

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर खरेदी आटोपून पावती हातात घेतली, की तिच्या तळाशी अनेकदा एक ओळ छापलेली आढळते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ काही दुकानांत हीच ओळ गल्ल्यामागच्या भिंतीवर पाटी होऊन टांगलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या वाचून ती ग्राहकाच्या अंगवळणी पडली आहे. आखाजीच्या तोंडावर घेतलेला कुलर चौथ्या दिवशी बंद पडतो, बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो, घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले तळमळत असतात. तरीही ‘काय करणार, पावतीवर लिहिलेलेच होते’ असे म्हणून कुटुंबप्रमुख दुकानाची पायरी उतरतो. त्या ओळीला कायद्याचे बळ आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि ती दूर होणे गरजेचे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून देशात लागू झाला. या कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणावे याची जी यादी दिली आहे, तिच्यात दोन गोष्टी स्पष्टपणे नमूद आहेत. विक्री केल्यावर पावती न देणे ही एक. सदोष माल परत घेण्यास आणि त्याची किंमत परत करण्यास नकार देणे ही दुसरी. पावतीवर परतीची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि अशी मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत ही परतफेड व्हावी, असे कायदा सांगतो. सदोष वस्तूच्या बाबतीत पावतीवरची ती ओळ दुकानदाराला संरक्षण देत नाही. उलट ती त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकते.

मात्र अधिकाराची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. कायदा बोलतो तो सदोष वस्तूबद्दल. साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, शेजारच्या दुकानात तीच वस्तू शंभर रुपयांनी स्वस्त मिळाली किंवा सुनेला दुसरी डिझाईन हवी होती, ही कारणे दोषात बसत नाहीत. अशा वेळी दुकानदाराने वस्तू बदलून दिली तर तो त्याचा चांगुलपणा. तशी सवलत त्याने आधी जाहीर केली असेल, तरच तिच्यावर हक्क सांगता येतो. त्याचप्रमाणे किरकोळ दोष दुरुस्तीने जाणारा असेल, तर पहिल्याच दिवशी पूर्ण रकमेचा आग्रह धरणे आयोगापुढे टिकेलच असे नाही. अधिकार सांगताना विवेक सोडला, तर अधिकारच हास्यास्पद होतो.

खरेदी-विक्रीतील पश्चात्तापाचा विचार या भूमीला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘विक्रीतक्रीतानुशय’ या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ‘अनुशय’ म्हणजे झालेल्या व्यवहाराबद्दल वाटणारा पश्चात्ताप आणि तो रद्द करण्याची मुभा. व्यापाऱ्यांसाठी एक रात्र, शेतकऱ्यांसाठी तीन रात्री आणि गोपालकांसाठी पाच रात्री अशी मुदत तेथे दिली आहे. नारदस्मृती आणखी बारकाईने विचार करते. दुभते जनावर तीन दिवसांत पारखावे, ओझ्याचे जनावर पाच दिवसांत, रत्ने सात दिवसांत आणि बियाणे दहा दिवसांत, असा तिचा दंडक आहे. लोखंड आणि वस्त्र यांना मात्र एकच दिवस. वस्तूचा दोष उघड होण्यास जितका काळ लागतो, तितका काळ ग्राहकाला मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे उघड दिसते. प्राचीन ग्रंथांचा अभिमान मिरवणाऱ्या समाजाच्या बाजारपेठेत ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी निमूटपणे सहन केली जावी, हे विसंगत आहे.

आधुनिक काळात ग्राहकाला संघटित करण्याचे काम महाराष्ट्रातच मूळ धरून वाढले. दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामातील सैनिक बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. ग्राहक, व्यापारी, उत्पादक हे परस्परांचे शत्रू नसून एकाच अर्थव्यवस्थेचे घटक आहेत आणि त्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी ग्राहक असावा, ही त्या चळवळीची भूमिका होती. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वी १९३० च्या मालविक्री कायद्याचा आधार होता. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागे, आणि एका मिक्सरसाठी दिवाणी दावा लावणारा माणूस खानदेशातच काय, कोठेही सापडणे कठीण होते. १९८६ च्या कायद्याने स्वस्त आणि सोपा मार्ग दिला, तो याच कारणाने महत्त्वाचा.

दुकानदाराचे नेहमीचे उत्तर असते, ‘भाऊ, आम्ही फक्त विकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा.’ या उत्तराचा निकाल गोव्यातील एका प्रकरणात लागला आहे. एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी म्हणून मोटार घेतली. ती प्रत्यक्षात २००९ मध्ये तयार झालेली आणि आधीच काही अंतर धावलेली निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की विक्रेत्याच्या या कृत्याची माहिती कंपनीला होती असे सिद्ध न झाल्याने कंपनीवर दायित्व येत नाही. विक्रेत्यावर ते कायम राहते. ज्याने पैसे घेतले आणि पावती दिली, त्याला कंपनीकडे बोट दाखवून आपोआप सुटता येत नाही, हा त्यातील बोध. दोष कारखान्यातला असेल तर कंपनी जबाबदार असतेच. म्हणून तक्रार करताना दुकानदार आणि कंपनी या दोघांनाही प्रतिपक्ष करणे शहाणपणाचे.

खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निकाल मात्र बियाण्यांचा आहे. कापसाचे बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याची अडचण मिक्सर घेणाऱ्यापेक्षा वेगळी असते. पाकीट फोडून बी मातीत गेले, की सदोष वस्तू हातात उरतच नाही. उगवण झाली नाही, तर परत काय न्यायचे? आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनने नेमका हाच मुद्दा मांडला होता : नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, म्हणून तक्रार फेटाळावी. १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद नाकारला. किंमत मोजून बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि त्याने तपासणीसाठी काही बी राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा येथील शेतकऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. पावती आणि रिकामे पाकीट जपून ठेवावे, उगवण फसल्याचे दिसताच कृषी खात्याकडे लेखी तक्रार करून पंचनामा करून घ्यावा. शेतातले पीक मोडण्यापूर्वी झालेला पंचनामा हाच पुढे पुरावा असतो.

येथे आणखी एक शंका नेहमी उपस्थित होते. शिलाई मशीन, पिठाची गिरणी किंवा रिक्षा ही तर धंद्यासाठी घेतलेली वस्तू. मग तिचा खरेदीदार ग्राहक कसा? कायद्याने व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरे; परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही, हे १९९३ च्या दुरुस्तीपासून स्पष्ट आहे. महाराष्ट्रातील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या उद्योगाने घेतलेल्या सुमारे २१ लाखांच्या यंत्राबाबत १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सीमारेषा आखली. त्या उद्योगाची खरेदी व्यापारी ठरली. पण स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच राहतो, असे न्यायालयाने त्याच निकालात सांगितले. घरी शिवणकाम करून मुलांचे शिक्षण करणाऱ्या भगिनीचे मशीन सदोष निघाले, तर कायदा तिच्या पाठीशी आहे.

अधिकार आहेत, ते बजावण्याची तयारी किती जणांची आहे, हा खरा प्रश्न. ‘पक्के बिल घेतले तर कर लागेल, कच्च्या पावतीवर घ्या’ असे दुकानदाराने म्हणताच आनंदाने मान डोलावणारा ग्राहक त्याच क्षणी आपला सर्वांत मोठा पुरावा गमावतो, आणि देशाचा महसूलही बुडवतो. थोड्याशा बचतीपायी हजारोंची वस्तू निराधार करण्यात कोणते चातुर्य आहे? पक्की पावती घ्यावी, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा, दोष दिसताच तोंडी वाद न घालता लेखी कळवावे आणि त्याची पोच ठेवावी. तेवढ्याने काम न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतरचा दरवाजा जिल्हा आयोगाचा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. शिवाय २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची सोय केली. सुरतेहून किंवा पुण्याहून आणलेल्या वस्तूसाठी आता जळगाव-धुळ्याच्या माणसाला परगावी हेलपाटे घालावे लागत नाहीत.

अर्थात, कायद्याचे कागदावरचे रूप आणि त्याचा व्यवहार यांत अंतर आहे, हे नाकारून चालणार नाही. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आयोगांवरील अध्यक्ष आणि सदस्यांची पदे देशभर इतकी रिक्त राहिली, की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कुलरचा निकाल लागेपर्यंत दोन उन्हाळे सरणार असतील, तर सामान्य माणूस त्या वाटेला जाणार नाही. ही जबाबदारी शासनाची आहे, आणि लोकप्रतिनिधींना त्याबद्दल जाब विचारणे ही समाजाची.

शेवटी एक विनंती व्यापारी बंधूंना. आज त्यांची स्पर्धा समोरच्या दुकानाशी उरलेली नाही. ती मोबाइलच्या पडद्यावरील बाजाराशी आहे. तेथे न पटलेली वस्तू अनेकदा दारातून परत नेली जाते. गावच्या दुकानदाराकडे त्याहून मोठे भांडवल आहे, ते पिढ्यांच्या ओळखीचे. लग्नसराईत उधारी देणारा, अडीनडीला रात्री शटर उघडणारा शेठ हा केवळ विक्रेता नसतो. पण सदोष वस्तू घेऊन आलेल्या माणसाला त्याने पाटीकडे बोट दाखवले, की ती ओळख एका क्षणात पुसली जाते आणि तो ग्राहक पुन्हा येत नाही. स्थानिक बाजारपेठ टिकवायची तर स्वदेशीच्या आवाहनाला चोख व्यवहाराची जोड हवी. त्याची सुरुवात फार खर्चिक नाही. पुढचे पावतीपुस्तक छापायला देताना ती जुनी ओळ काढून तिच्या जागी नवी घालावी : ‘सदोष माल तीस दिवसांत परत घेतला जाईल.’ कायद्याचे पालनही होईल आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही परत येईल.