शिट्टी फुंकून वाचा फुटत नाही

मूल उशिरा बोलू लागले की पालक खासगी वाचा-उपचार केंद्रांचे उंबरठे झिजवतात. तेथे शिट्ट्या फुंकणे, फुगे फुगवणे, जिभेवर कंपन देणारा ब्रश फिरवणे, हा कार्यक्रम महिनोन्‌महिने चालतो. अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात, याला भक्कम पुरावा नाही. फुंकताना आणि ‘प’ म्हणताना ओठ तेच असले, तरी मेंदूचे नियंत्रण निराळे असते.

त्याहून गंभीर म्हणजे श्रवणचाचणीशिवाय उपचार आरंभणे. ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्या जिभेला शिक्षा कशासाठी?

भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एक हजार! हा धाक नव्हे, थट्टा आहे. म्हणूनच भिंतीवरील चकचकीत प्रमाणपत्रे न्याहाळण्याऐवजी पालकांनी केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतील क्रमांक मागावा व पडताळावा. तीन महिन्यांत नेमके काय साध्य होणार, हेही लेखी घ्यावे.

आणि आईवडिलांना दाराबाहेर बसवणारे केंद्र? ते आठवड्यातील दोन तासांचे पैसे घेते. उरलेल्या १६६ तासांत मुलाशी कसे बोलावे, हे मात्र घरच्यांना शिकवत नाही.